दार दिसलं की हात पळतो

माझ्या वडिलांचा, आबांचा, एक व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातल्याच एका लग्नाचा. जुन्या कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आणि तिथून माझ्याकडे, असा फिरत फिरत आलेला. त्यामुळे माणसांचे चेहरे पाणी पडल्यासारखे दिसतात. वरात चाललेली आहे आणि मधेच काही क्षण आबा दिसतात. गळ्यात ड्रम, अंगात बँडचा लाल कोट, हातात काड्या. हात असे चाललेत की बघत राहावं. आणि आवाज येतोय कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्याचा. लग्नाच्या शूटिंगमध्ये खरा आवाज कोणी ठेवत नाही. शूटिंगवाला तो आधी पुसतो आणि मग त्यावर गाणी टाकतो, कारण खऱ्या आवाजात असतं काय, तर जनरेटर, मानपानाची भांडणं आणि आम्ही.

आबांनी हयातभर वाजवलं. लग्नांत वाजवलं, जयंतीच्या मिरवणुकीत वाजवलं, निवडून आलेल्यांपुढे वाजवलं. ते गेले, आणि आता त्यांचं वाजवणं कसं होतं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला हे मुके हात आहेत. मीही तोच धंदा धरला. माझ्याही वाट्याला असलेच मुके हात येणार हे मला दिसत होतं आणि त्याचा मला राग होता. कुणावर, ते सांगता येत नाही. शूटिंगवाल्यावर तर नाहीच, त्यालाही पोट आहे. पण एकदा, कुठेतरी, माझा हात जसा चालतो तसा ऐकू यावा, एवढं मला हवं होतं. हार्ड रॉक वगैरे सगळं नंतर आलं.

सर मला भेटले ते वरातीतच. पिंप्राळ्याच्या एका कॉलनीत आमची वरात अडकली होती, म्हणजे नवरदेवाचे मित्र जागचे हलत नव्हते आणि मागे स्कूटरवाले, रिक्षावाले हॉर्न वाजवून जीव खात होते. त्यांतला एक जण स्कूटर स्टँडला लावून आमच्या गाडीजवळ येऊन उभा राहिला. आमच्या बँजो पार्टीत ड्रमसेट लोखंडी गाडीवर बांधलेला असतो. दोन माणसं गाडी ढकलतात आणि मी वर बसून वाजवतो. हा माणूस माझ्या उजव्या पायाकडे बघत होता, ज्या पायाने मी मोठा ड्रम वाजवतो त्याच्याकडे. लोक नवरदेवाकडे बघतात, नाचणाऱ्यांकडे बघतात, फार तर बँजोवाल्याकडे बघतात. ड्रमवाल्याच्या पायाकडे बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

नंतर मांडवामागे मी ताट घेऊन बसलो तर हा पुन्हा हजर. म्हणाला, "भाऊ, तुम्ही हार्ड रॉक ऐकलाय का कधी?"

मी म्हटलं, "आधी जेवू द्या."

तो एका क्लासमध्ये गणित शिकवायचा, म्हणून मी त्याला सर म्हणायला लागलो, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान असूनही. पुण्याला इंजिनिअरिंगला असताना त्याने कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवली होती, गायला होता. जळगावला परत आल्यावर दोन वर्षं त्याने ड्रमवाला शोधला आणि मिळाला तो मी, चाळिशी ओलांडलेला, पाठ धरलेला, लग्नसराईत रोज उन्हात भाजून निघणारा. त्याने मला मोबाइलवर गोऱ्या लोकांची गाणी पाठवली. मी ती डाळ मिलच्या फाटकाबाहेर बायकोची वाट बघत ऐकली. वाजवतात चांगलं, पण एवढे चिडलेत कशाला ते कळेना. यांना कुठल्या लग्नाला पोहोचायचं नाही, यांच्यामागे कोणी हॉर्न वाजवत नाही, तरी ही चिडचिड. मग एका गाण्यात ड्रमवाला एकटाच वाजवायला लागला आणि बाकी सगळे गप्प. कोणीतरी मुद्दाम त्याच्यासाठी गप्प बसलं होतं. ते मी तिथेच उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा लावलं. बायको मिलमधून बाहेर येऊन शेजारी उभी राहिली तेही मला कळलं नाही.

घरी तिला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "एक बँड पुरत नही का? या बँडना डरेस कसा शे?"

"डरेस नही शे," मी म्हटलं.

"मंग तो कसाना बँड?" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिचंही बरोबर होतं. डाळीच्या धुळीने तिचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल झालेले असत आणि मी घरात काड्या घेऊन गादीवर आपटत बसलेला असे.

तिसरा गडी म्हणजे भाई. जळगावातच मेहरूणला त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे, जळलेल्या पाण्याच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळून देतो. तरुणपणी कव्वालीच्या पार्टीबरोबर हिंडलेला माणूस. सरांनी त्याला बेस गिटार हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "चारच तारा? मग सोपं आहे." सोपं नव्हतं. गिटारचं आतलं कॉइल गेलं तेव्हा त्याने ते दुकानात स्वतः भरलं आणि तेव्हापासून ती गिटार विहिरीतल्या मोटारीसारखी घुमायला लागली. सरांना तो आवाज फार आवडला. माझ्या स्नेअरच्या, म्हणजे मधल्या छोट्या ड्रमच्या, पोटाखालच्या तारा तुटल्या तेव्हाही भाईने तिथे मोटारीची तांब्याची तार ताणून बसवली. प्रत्येक ठोक्यानंतर ती बारीक झिंग करून राहायची. मी म्हटलं, हे काय. भाई म्हणाला, "फुकट में और क्या मिलेगा?"

वाजवायला जागा मिळेना. घरात शक्य नव्हतं, क्लासमध्ये मुलांचे आईबाप आले असते. शेवटी सरांच्या मावशीच्या यजमानांचं केळी पिकवायचं चेंबर मिळालं. थंड करायचं मशीन बिघडल्यामुळे ते रिकामं पडलं होतं. भिंती जाड, दार जाड, आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरची हवा आत येत नाही. पिकल्या केळ्यांचा वास भिंतींत असा मुरला होता की आम्ही घरी गेलो तरी अंगाला यायचा. जळगावचा उन्हाळा आणि बंद चेंबर, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. दर रविवारी दुपारी आम्ही तिथे घामाने निथळत वाजवायचो. सरांनी गाणी मराठीत केली होती. एक उन्हावर होतं, एक कारखान्याच्या भोंग्यावर, एक अशा पोरावर जो पुण्याला जातो आणि परत आल्यावर त्याला गावात कोणी ओळखत नाही. ते शेवटचं कोणावर होतं ते आम्हाला कळत होतं, पण आम्ही विचारलं नाही.

भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी पळायचो.

ते समजायला वरातीचा नियम माहीत पाहिजे. वरात निघते तेव्हा चाल संथ असते, कारण म्हातारी माणसं आणि बायका बरोबर असतात. मधे चौकात थांबून नाचणं होतं. पण मांडवाचं दार दिसलं की ड्रमवाल्याने वेग सोडायचा. "दार दिसनं की सोड," असं आमचा पार्टीमालक पहिल्या दिवशी सांगतो, दुसरं काही शिकवत नाही. वेग वाढवला नाही तर नाचणारे तिथेच नाचत राहतात, मुलीकडचे उपाशी ताटकळतात आणि शिव्या आम्हाला बसतात. वेग वाढला की पाय आपोआप पुढे पडतात. नवरदेव दारात पाय ठेवतो त्या क्षणी सगळं एका ठोक्यात बंद. यात कला वगैरे काही नाही, गर्दी हाकण्याचं काम आहे. पण इतकी वर्षं ते केल्यावर हाताला कोणी सांगावं लागत नाही. डोळे नाचणाऱ्यांच्या पायांवर असतात आणि हात त्या पायांच्या जरा पुढे.

सर गणिताचे. ते मोबाइलवर टिकटिक लावून बसायचे. गाणं संपलं की वेगाचे आकडे दाखवून म्हणायचे, "भाऊ, आपण इथून निघालो आणि तिथे पोहोचलो. बघा, केवढा फरक."

"सर, गाणं संपत आलं होतं ना," मी म्हणायचो.

"मग?"

"मग काय, घाई नको करायला?"

ते डोक्याला हात लावायचे. भाई हसत सुटायचा. सरांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी ते एक नवं गाणं घेऊन आले. त्यात एक माणूस घरी चाललेला आहे, खूप लांबून, आणि घर जवळ येतंय. म्हणाले, "भाऊ, तुम्ही पळणारच आहात, तर मग गाण्यालाच कुठेतरी पोहोचू द्या." ते आमचं चौथं गाणं. ते वाजवताना मला कोणी टोकलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी फार खूश होतो हे कबूल करतो.

आमचा पहिला कार्यक्रम मेहरूणला एका गणेश मंडळापुढे झाला, भाईच्या ओळखीने. पहिलं गाणं झालं, लोक बघत राहिले. दुसरं झालं, एकाने वर येऊन अहिराणी गाण्याची फर्माईश केली. तिसऱ्याला मंडळाच्या कार्यकर्त्याने हळूच वायर काढली आणि माइकवरून आरतीची सूचना दिली. चौथ्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. बॅनरवर आमचं नाव होतं, तेही चुकलेलं. परत येताना सर म्हणाले, "आता रेकॉर्ड केल्याशिवाय कोणी ऐकणार नाही."

रेकॉर्डिंगला धुळ्याला जायचं ठरलं. तिथे एका घराच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. खानदेशात वाजणारी निम्मी अहिराणी गाणी तिथेच होतात असं लोक म्हणत. खरंखोटं माहीत नाही, पण वरातीत आम्हाला ज्या गाण्यांच्या फर्माइशी येत त्यांतल्या कितीतरी गाण्यांच्या सुरुवातीला एक मुलगी त्याच स्टुडिओचं नाव घ्यायची. भाईच्या ओळखीच्या टेम्पोत ड्रमसेट टाकून आम्ही पारोळ्यावरून सकाळी धुळ्याला पोहोचलो. सेट जिन्याने वर चढवताना माझी पाठ बोलायला लागली होती.

स्टुडिओवाला हसतमुख, पोट सुटलेला, मोकळा माणूस. सेट बघून तो दारातच थबकला. "हाई बठ्ठं कसाले आनं भाऊ?" म्हणाला, म्हणजे हे सगळं आणलंच कशाला, आणि कॉम्प्युटरवर थाप मारली, "आठे बठ्ठं शे ना." त्याच्या स्टुडिओत तोपर्यंत खरा ड्रम कोणी वाजवलाच नव्हता. ढोल, ताशा, हलगी, सगळं त्याने एकदा कधीतरी गोळा करून ठेवलं होतं आणि तेच सगळ्या गाण्यांत फिरवायचा. पण माणूस नाही म्हणणारा नव्हता. ओळखीच्या ऑर्केस्ट्राकडून त्याने माइक मागवले, आतल्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि मला गोधडीकडे तोंड करून बसवलं.

"आते एक एक वाजाडा. पयले हळू, मंग जोरमा," तो बाहेरून म्हणाला. मी एक एक ड्रम वाजवला, एक एक झांज वाजवली, हळू, मग जोरात, मग त्याहून जोरात. स्नेअरवर तो बराच वेळ अडून बसला. तांब्याच्या तारेची झिंग त्याला भलतीच आवडली होती. मी समजलो, आवाजाची सेटिंग चालली आहे. सेटिंग चाललीच होती म्हणा, पण नुसती तेवढीच नाही.

मग त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि आत टिकटिक सुरू झाली. सर आणि भाई पलीकडच्या खोलीत. मला ते दिसत नव्हते, फक्त कानात येत होते. समोर कुणाच्या तरी आईने शिवलेली गोधडी, तिच्यावर हिरवी आणि जांभळी ठिगळं, आणि कानात कोणी अडकित्त्याने सुपारी कातरत बसावं तशी ती टिकटिक. मी वाजवायला लागलो की सुरुवात बरी जायची. अर्ध्या गाण्यात सुपारी मागे पडायची. पुन्हा. पुन्हा. मी दात आवळून हात मागे ओढला तर तो असा जड पडला की भाईने थांबून विचारलं, "तबियत ठीक है ना?" ज्या माणसाने आयुष्यभर पाय बघून वाजवलं त्याने गोधडी बघून कसं वाजवावं? शेवटी मी हेडफोन काढून ठेवला आणि जरा मोठ्यानेच म्हणालो की या टिकटिकीला कुठल्या लग्नाला जायचं नाही, मला जायचंय.

स्टुडिओवाला म्हणाला, "टेन्शन नका ल्या भाऊ. जेवी या."

आम्ही कोपऱ्यावर शेवभाजी खाल्ली. परत आलो तर तो खुर्चीवर मागे रेलून बसला होता. "आयका," म्हणाला.

उन्हाचं गाणं सुरू झालं. ड्रम वाजत होता. माझा ड्रम, तांब्याची झिंग आणि सगळं. आणि तो पळत नव्हता. एकेक ठोका पाटीवर आखल्यासारखा जागच्या जागी पडत होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी सकाळी जे सुटे ठोके दिले होते ते उचलून त्याने ओळीने मांडले होते. भाई खूश झाला. "मेरेको तो एकदम विदेशी लगा," म्हणाला. सरांचा चेहरा मी ओळखतो. पुण्यापासून ज्याच्यामागे होते ते त्यांना मिळालं होतं.

"हाऊ मी नही," मी म्हटलं.

"तुम्हीच ना भाऊ. आवाज तुमनाज शे," स्टुडिओवाला मनापासून म्हणाला. "मी ते फक्त जागावर ठेवा." त्याच्या मते त्याने माझे ठोके फक्त जागेवर ठेवले होते.

आपलेच कपडे घालून दुसरंच कोणीतरी समोर उभं राहावं तसं मला वाटत होतं. कपडे माझे नाहीत असं म्हणता येईना. मी जिन्यात जाऊन बसलो. सर मागोमाग आले. म्हणाले, "भाऊ, पहिलं रेकॉर्डिंग आहे. लोकांना गाणी सरळ ऐकू जाऊ द्यात. पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळेवर विश्वास ठेवण्याचं माझं वय नव्हतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि त्यांना आबांचा तो व्हिडिओ दाखवला. तो मी तोवर बँडमध्ये कोणाला दाखवला नव्हता. सरांनी आवाज वाढवला. सिनेमाचं गाणं मोठं झालं.

"यांचा स्वतःचा आवाज?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तेच तर."

त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन ते हात पुन्हा बघितले. मग म्हणाले, "तीन गाणी याच्या पद्धतीने. चौथं तुमच्या. चालेल?" मी हो म्हटलं. आनंदाने नाही, पण हो म्हटलं. माझी बाजू धरून चारही गाणी बुडवावीत एवढा मीही वेडा नव्हतो.

चौथ्याला मी टिकटिक बंद करायला लावली, गोधडी काढायला लावली, मधलं दार उघडायला लावलं. "मला पाय दिसू द्या," म्हटलं. स्टुडिओवाला म्हणाला की दारं उघडी ठेवली तर सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतील, मग काही दुरुस्त करता येणार नाही. सर म्हणाले, मिसळू द्या. त्यांनी गिटारला लांब वायर जोडली आणि आतल्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. तिथून जिन्याच्या दारापर्यंत गाणं म्हणत चालत यायचं असं ठरलं. सरांना नाचता येत नाही, चालताही धड येत नाही. गणिताच्या माणसासारखे एकेक फरशी बघून पाय टाकत होते. पण पाय होते. मी त्यांच्या सँडलींवर नजर ठेवली आणि हात सोडला. ते मधल्या दारातून आले, भाई बाजूला सरला, जिन्याचं दार दिसलं आणि मला पुढचं नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की सर जवळजवळ पळत होते, गाताना त्यांना धाप लागली होती आणि ऐन दारात, शेवटच्या ठोक्याच्या जरा आधी, खालच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी जिन्याने वर आली.

"हाई गानं ते पयी जास भाऊ," स्टुडिओवाला ऐकून म्हणाला. त्याला शिट्टी पुसायची होती. ती ड्रमच्या माइकमध्येच घुसली होती, पुसता येईना. सर म्हणाले, "पळू दे. शिट्टीही राहू दे."

गाणी इंटरनेटवर आली तेव्हा मी बायकोला मोबाइल दिला. ती मिलमधून येऊन भिंतीला टेकून बसली होती. पहिली तीन तिने डोळे मिटून ऐकली. "चांगलं शे," म्हणाली, झोपेत म्हणावं तसं. चौथ्याला कुकरची शिट्टी झाली आणि ती उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता. मी हसून हसून बेजार झालो. तीही हसली, पण परत येऊन तिने डोळे मिटले. गाणं संपलं होतं, मीही पुन्हा लावलं नाही. दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईला किती छळायचं?

बाहेरच्या लोकांनी तीन गाण्यांचं कौतुक केलं. ड्रम फार पक्का आहे, असं दोन-तीन जणांनी लिहिलं. चौथ्याखाली एकाने लिहिलं की गाणं चांगलं आहे पण ड्रमवाला सुटलाय, दुसरा बघा. सरांनी ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण मोबाइल माझ्याकडेही आहे. मला वाईट वाटलं. मग तेही जुनं झालं. चेंबरचं मशीन दुरुस्त झालं आणि तिथे केळी भरली. सरांच्या क्लासच्या बॅचा वाढल्या, उन्हाळ्यात भाईच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागली. बँड मोडला असं कोणी म्हणालं नाही. रविवार येत राहिले एवढंच.

आणि पुढच्या लग्नसराईत पार्टीमालकाचे फोन कमी झाले. लोकांना आता डीजे लागतो. गाडीवर भिंतीएवढे स्पीकर, एक पोरगा आणि एक लॅपटॉप. त्यापुढे आमची बँजो पार्टी म्हणजे वरातीमागून घोडं. मी दिवसा भाईच्या दुकानात तारा गुंडाळायला बसायला लागलो. हात रिकामे ठेवून चालत नाही.

मागच्या लग्नसराईत दोंडाईच्याला बायकोच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. सुरत लाइनच्या गाडीने आम्ही दोघं गेलो. लग्नात पाहुणा म्हणून जायची मला सवय नाही. इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात मोकळे, मांडवाच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसून वरात येण्याची वाट बघणं म्हणजे मला शिक्षाच वाटत होती. ऊन मी म्हणत होतं. वरात दिसायच्या आधी डीजे ऐकू आला. नवं अहिराणी गाणं होतं, सुरुवातीला त्या मुलीने धुळ्याच्या त्या स्टुडिओचं नाव घेतलं आणि ठेका सुरू झाला. खुर्च्या हलत होत्या, छातीत धमधम होत होती.

आणि त्यात झिंग होती.

पहिल्यांदा मला वाटलं भास आहे. मग पुन्हा. प्रत्येक ठोक्यामागे तांब्याच्या तारेची बारीक झिंग. ती जगात एकाच ड्रमला होती आणि तो ड्रम आमच्या घरी पलंगाखाली होता. स्टुडिओवाल्याने माझे ठोके जपून ठेवले होते. त्याच्या लेखी तो मसाल्याचा डबा, लागेल तशी चिमूट घ्यायची. मला न विचारता घेतली याचा राग यायला हवा होता, पण राग यायला अंगात जी ताकद लागते ती मला सापडेना. मांडवातली पोरं आधीच नाचायला लागली होती. मी सवयीने त्यांच्या पायांकडे बघितलं. पाय चांगले पडत होते. जो धंदा मला बाजूला सारत होता, त्यात मीच वाजत होतो.

बायकोने माझं कोपर धरलं. "आयका ना. हाऊ तुमना डरम शे."

"मनाज शे," मी म्हटलं.

वरात जवळ आली. नवरदेवाला दार दिसलं असेल, कारण मला वरात दिसली. माझा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होता आणि तो सुटला. मी सोडला नाही, तो सुटला. बोटं पळायला लागली. डीजे तिथेच राहिला, जसा होता तसा, एका चालीत. नाचणारेही तिथेच राहिले. नवरदेव दारासमोर येऊन खोळंबला, मुलीकडचा एक म्हातारा "चला भो, चला" म्हणत हात हलवत राहिला आणि कोणी पुढे सरकेना.

बायको माझ्या बोटांकडे बघत होती. मग डीजेच्या गाडीकडे बघून तिने नाही अशी मान हलवली.

"पन तुम्ही नही वाजाडी ऱ्हायनात," ती म्हणाली.

"तुले कसं समजनं?"

"दार दिसनं तरी घाई नही," ती म्हणाली. "तुमना हात असा नही शे. ते शिट्टीनं गानं शे ना, त्यामा शे तुमना हात."

इतकी वर्षं नात्यातल्या वरातींत मी वाजवायचो तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात मागे असायची, डोक्यावर पदर, हातात कोणाचं तरी पोर. मी धरून चाललो होतो की मागे काही ऐकू येत नसेल.